ऊन फुकट, पाणी नव्हे

शेतकऱ्याच्या घरातली खर्चाची वही उघडली, की बियाणे, खते आणि मजुरी यांच्या बरोबरीने आणखी एक आकडा दरवर्षी फुगत गेलेला दिसतो. तो असतो पाणी उपसण्याच्या खर्चाचा. विहिरीत पाणी आहे, परंतु ते वर आणायला डिझेल लागते, नाही तर वीज लागते. डिझेलचा भाव आपल्या हातात नाही आणि वीज केव्हा येईल याचा भरवसा नाही. अशा वेळी शेजारच्या बांधावर निळ्या-काळ्या काचांचे पॅनेल उभे राहिले, की घरात चर्चा सुरू होते. आपणही लावावेत का? लावले तर पैसे किती वाचतील? आणि वाचलेले पैसे पुढेही वाचतच राहतील का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळांना ठाऊक असतात, कारण विक्रेते आणि सरकारी जाहिराती तीच सांगत असतात. तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. खरे पाहता कुटुंबाचा फायदा-तोटा त्याच उत्तरावर ठरतो.

डिझेलचा हिशेब

आधी सोपा हिशेब पाहू. समजा, एका कुटुंबाकडे चार एकर जमीन आहे, विहीर आहे, पण वीजजोडणी नाही. पाणी पाच अश्वशक्तीच्या, म्हणजे पाच एचपीच्या डिझेल इंजिनावर उपसले जाते. असे इंजिन तासाला साधारण एक लिटर डिझेल पिते. दिवसाला सहा तास इंजिन चालले तर सहा लिटर. लिटरला ९० रुपये धरले, तर दिवसाचे ५४० रुपये झाले. वर्षातून असे १०० दिवस पाणी द्यावे लागले, तर खर्च ५४,००० रुपयांवर जातो. ऑईल, पट्टा, दुरुस्ती आणि तालुक्याहून डबा भरून आणण्याची यातायात वेगळीच.

आता त्याच ताकदीच्या सौरपंपाची किंमत तीन लाख रुपये धरा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम-कुसुम योजनेची मूळ रचना अशी होती, की किमतीतले ३० टक्के केंद्राने द्यायचे, ३० टक्के राज्याने आणि उरलेले ४० टक्के शेतकऱ्याने. म्हणजे शेतकऱ्याच्या वाट्याला १ लाख २० हजार रुपये आले. डिझेलचे वर्षाला ५४,००० रुपये वाचले, तर ही रक्कम सव्वादोन वर्षांत वसूल होते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये आलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत तर सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के ठेवण्यात आला. तेथे एका हंगामातच पैसे वसूल होतात.

पॅनेलची हमी साधारणपणे २५ वर्षांची असते. एवढ्या काळात त्याची वीज देण्याची ताकद हळूहळू कमी होत जाते, तरी चांगले पॅनेल २५ वर्षांनंतरही मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास वीज देते. म्हणजे डिझेलवर चालणाऱ्या शेतीत सौरपंपाचा हिशेब बसतो, यात शंका नाही.

फुकट वीज आणि रात्रीचे पाणी

ज्यांच्याकडे वीजजोडणी आहे त्यांचा हिशेब वेगळा आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज देण्याचे ठरले. इतर काही राज्यांतही शेतीची वीज फुकट किंवा नाममात्र दराने मिळते. बिलच येत नसेल, तर पॅनेल लावून काय वाचणार, असे कोणी विचारले तर त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही.

परंतु या विजेची किंमत पैशात नसली तरी दुसरीकडे मोजावी लागते. अनेक भागांत शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीने येते, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली, की घरातला कर्ता पुरुष बॅटरी घेऊन शेतात जातो. दारे मोडायला चिखलात उतरायचे, पायाखाली साप आहे की काठी हे दिसत नाही. जुन्नर, शिरूरसारख्या तालुक्यांत उसातल्या बिबट्याची भीती वेगळीच. इकडे घरी बायको दाराची कडी न लावता जागी असते. सकाळी दोघांनाही पुन्हा कामाला लागायचे असते. या जागरणाचा आकडा वहीत कुठेच लिहिलेला नसतो.

सौरपंप दिवसाच चालतो. त्यामुळे बिल वाचो न वाचो, रात्रीची झोप आणि जिवाची काळजी नक्की वाचते. पुष्कळ घरांत पॅनेल लावण्याचा आग्रह बायका धरतात, त्यामागे हेच कारण असते.

पॅनेल पाणी देते किती?

येथपर्यंत सगळे बरे आहे. पण पॅनेल नेमके किती पाणी देते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा धोका लक्षात येणार नाही.

पाच एचपीच्या पंपासाठी सुमारे पाच किलोवॅटचे पॅनेल लागतात. त्यांना अर्ध्या गुंठ्याच्या आतच जागा पुरते. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते. म्हणजे पाच किलोवॅटचे पॅनेल दिवसाला वीस युनिट देतील. पाणी ३० मीटर, म्हणजे सुमारे शंभर फूट खोल असेल, तर पंप आणि पाइपमधली घट धरून एवढ्या विजेवर दिवसाला एक लाख लिटरच्या आसपास पाणी वर येते. एक लाख लिटर म्हणजे एक एकरभर पसरलेले एक इंच पाणी.

आता समजा, पाण्याची पातळी खाली गेली आणि तेच पाणी ६० मीटरवरून काढावे लागले. दुप्पट उंचीवर पाणी चढवायला दुप्पट वीज लागते. पॅनेल तर तेवढीच वीज देणार. मग पाणी निम्म्यावर येते, पन्नास हजार लिटर. शिवाय तीस मीटरसाठी निवडलेला पंप साठ मीटरवर नीट चालेलच असे नाही. तो बदलावा लागतो, बोअर खोल करावी लागते, पॅनेल वाढवावे लागतात. त्यासाठी पुन्हा अनुदान मिळेल याची खात्री नसते.

सौरपंपाची बचत कशी निसटते ते यावरून कळेल. २५ वर्षांची हमी पॅनेलची आहे, विहिरीतल्या पाण्याची नाही.

डिझेल जोवर होते, तोवर प्रत्येक तासाला खिशातून ९० रुपये जात होते. त्यामुळे पिकाची तहान भागली, की शेतकरी इंजिन बंद करायचा. सौरपंपाला तो लगाम नाही. सकाळी ऊन पडले की पंप सुरू आणि ऊन उतरले की बंद. ‘चालतोय तर चालू दे’ असे म्हणत पाणी सोडले जाते. मग मनात येते, पाणी आहेच तर ऊस लावू, एक उन्हाळी पीकही घेऊ. एका शेतात असे झाले तर फारसे बिघडत नाही. परंतु शिवारातल्या पन्नास विहिरींवर असे झाले, तर सगळ्यांचेच पाणी खाली जाते, कारण जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. भारत आजही जगात सर्वांत जास्त भूजल उपसणारा देश आहे. अमेरिका आणि चीन या दोघांच्या उपशाची बेरीजही आपल्यापेक्षा कमी भरते.

ढुंडी गावाने काढलेली वाट

या अडचणीवर गुजरातमधल्या एका लहानशा गावाने वेगळी वाट काढून पाहिली. खेडा जिल्हा दुधाच्या सहकारी चळवळीसाठी प्रसिद्ध आहे. अमूलची सुरुवात करणारा दूध उत्पादक संघ १९४६ मध्ये तेथेच स्थापन झाला. त्याच जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१५-१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सौरऊर्जा उत्पादकांची सहकारी मंडळी काढली. आधी हे शेतकरी डिझेलवर पाणी उपसत असत. आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या आणंद येथील कार्यालयाने आणि टाटा ट्रस्टने त्यांना मदत केली. भूजलाचे अभ्यासक डॉ. तुषार शाह यांची ही कल्पना होती. कल्पना अशी, की ऊन हेही एक पीक समजावे. पाण्यासाठी लागेल तेवढी वीज शेतकऱ्याने वापरावी आणि उरलेली दुधासारखी मोजून विकावी.

सहा जणांचे पॅनेल मिळून ५६.४ किलोवॅटचे होते. वीज वितरण कंपनीने त्यांच्याशी २५ वर्षांचा करार केला आणि उरलेली वीज युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने विकत घेण्याचे मान्य केले. त्याबरोबरच, स्वच्छ वीज तयार केल्याबद्दल आणि पाणी वाचवल्याबद्दल सुरुवातीच्या काळात युनिटमागे अडीच रुपयांचा बोनस मदत करणाऱ्या संस्थेने दिला. याच्या बदल्यात शेतकऱ्यांनी शेतीसाठी वीजजोडणी मागण्याचा आपला हक्क सोडला. पुढे सभासद वाढून नऊ झाले.

यातली खुबी हिशेबातच आहे. एखाद्या शेतकऱ्याकडे दहा किलोवॅटचे पॅनेल असले, तर दिवसाला चाळीस युनिट वीज तयार होते. ४ रुपये ६३ पैसे दराने तिचे १८५ रुपये होतात. पिकाला गरज नसताना त्या दिवशी पंप चालवला, तर १८५ रुपये बुडाले. पंप बंद ठेवला, तर तेवढे खात्यात जमा. डिझेलच्या भावाने जो लगाम घातला होता, तोच परत आला. मात्र या वेळी पैसे खिशातून जात नव्हते, खिशात येत होते. कोणताही कायदा किंवा उपदेश जे सहज करू शकला नसता, ते एका मीटरने करून दाखवले.

याच विचाराने गुजरात सरकारने २०१८ मध्ये सूर्यशक्ती किसान योजना आणली. पीएम-कुसुम योजनेतही, वीजजोडणी असलेल्या पंपांवर पॅनेल बसवून उरलेली वीज विकण्याची सोय एका भागात ठेवण्यात आली. तरीही प्रत्येक गावात अशी विक्री शक्य नसते. त्यासाठी पंप ग्रीडला जोडलेला असावा लागतो, मीटर लागतो, वीज कंपनीची तयारी लागते. ज्या शेतापर्यंत वीजवाहिनी पोहोचलेलीच नाही, तेथील सौरपंप एकटाच उभा असतो. मग अशा शेतकऱ्याने काय करावे?

उरलेल्या दिवसांची वीज

वीज विकता येत नसली तरी वाया जाऊ न देण्याचे मार्ग आहेत. वर्षातून शंभर-दीडशे दिवसच पाणी द्यावे लागत असेल, तर उरलेले दोनशेहून अधिक दिवस पॅनेल नुसते ऊन खात बसतात. यावर उपाय म्हणून आता पंपाच्या साध्या कंट्रोलरऐवजी सर्वोपयोगी कंट्रोलर मिळतो. त्यामुळे पंप बंद असताना त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी किंवा दूध थंड ठेवण्याचे यंत्र चालवता येते. घरात दुभती जनावरे असतील, तर कुट्टीचे कष्ट वाचतात. ते कष्ट बहुधा घरातल्या बायकांच्याच वाट्याला आलेले असतात. हा कंट्रोलर थोडा महाग पडतो. म्हणून पंप घेतानाच त्याची चौकशी करावी.

ज्यांच्याकडे पड किंवा खडकाळ जमीन आहे, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात आणखी एक मार्ग आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. त्यात वीज उपकेंद्राजवळची जमीन सौर प्रकल्पासाठी भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरवण्यात आली. त्या विजेवर परिसरातल्या शेतीला दिवसा पुरवठा करायचा, हा या योजनेचा हेतू. जेथे ही वाहिनी पोहोचते, तेथे वीजजोडणी असलेल्या शेतकऱ्याला आपल्या शेतात पॅनेल न लावताही दिवसा पाणी देता येते.

पाण्याला लगाम घालायचा, तर सर्वांत खात्रीची जोडी म्हणजे सौरपंप आणि ठिबक. पण येथे एक तांत्रिक अडचण येते. ढग आला की पंपाचा वेग घटतो आणि ठिबकच्या नळीतला दाब कमी होतो. शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोहोचत नाही. म्हणून शक्य असेल तर पाणी आधी उंचावरच्या टाकीत किंवा शेततळ्यात साठवावे आणि तेथून पिकाला द्यावे. टाकी भरली की पंप बंद, एवढा नियम पाळला तरी उपसा आपोआप आवरतो.

घरात आधी ठरवावे

अर्ज करण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून काही गोष्टी ठरवलेल्या बऱ्या. पहिली गोष्ट म्हणजे सातबारा. विहीर सामाईक असेल किंवा उताऱ्यावर भावांची नावे असतील, तर त्यांचे ना-हरकत पत्र लागते. ते आधी न घेतल्यास पॅनेल येण्यापूर्वीच भाऊबंदकी येते. पाण्याच्या पाळ्या कशा असतील, तेही त्याच वेळी लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट, पंप किती मोठा घ्यायचा? महाराष्ट्राच्या योजनेत अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच एचपी आणि त्यापुढे साडेसात एचपीपर्यंतचा पंप मिळतो. पात्रता आहे म्हणून मोठाच घ्यावा, असे मुळीच नाही. उन्हाळ्यात विहिरीला तासाला किती पाणी येते, हे मोजून ठरवावे. लहान विहिरीवर मोठा पंप बसवला, तर तो तासाभरात विहीर कोरडी करतो आणि मग उन्हात बंद पडून राहतो.

तिसरी गोष्ट, फसवणूक. सौरपंप मिळवून देतो असे सांगत नोंदणीसाठी पैसे मागणाऱ्या बनावट संकेतस्थळांबद्दल केंद्र सरकारने वारंवार सावध केले आहे. पैसे भरण्यापूर्वी महावितरणच्या किंवा कृषी विभागाच्या कार्यालयात जाऊन खात्री करून घ्यावी. योजनांच्या अटी आणि मुदती बदलत असतात, त्यामुळे शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी मिळालेली सवलत आपल्यालाही तशीच मिळेल असे धरून चालू नये.

निगा थोडी, पण नेमाने

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, थोडे तिरके बसवतात. जागा निवडताना सकाळी नऊ ते संध्याकाळी चारपर्यंत त्यावर झाडाची किंवा खांबाची सावली पडत नाही ना, हे पाहावे. पॅनेल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात. त्यामुळे एका कोपऱ्यावर पडलेली सावली सगळ्या माळेची वीज कमी करते. आंब्याचे रोप आज लहान दिसते, पण पाच वर्षांनी त्याची सावली कुठे पडेल हेही पाहिले पाहिजे.

धुळीने वीज घटते. म्हणून उन्हाळ्यात आठवड्या-पंधरवड्यातून पॅनेल धुवावेत, पण भर दुपारी नव्हे. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकू शकते. सकाळी लवकर, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावे. राख किंवा तारेची घासणी वापरू नये. मे महिन्यात रणरणते ऊन असूनही पंप थोडा मंदावला, तर घाबरू नये. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. तापमान वाढले की त्याची वीज थोडी घटते.

एक सूचना मात्र प्रत्येक घरात मुलांना सांगून ठेवावी. घरातली वीज बटण दाबून बंद करता येते. पॅनेलच्या तारांत मात्र ऊन आहे तोवर वीज असतेच. उघड्या तारांना आणि जोडांना हात लावू नये. अर्थिंग आणि वीजरोधक बसवले आहेत की नाही, हे पंप ताब्यात घेतानाच तपासावे. सरकारी योजनेतल्या पंपाला साधारण पाच वर्षांची देखभाल आणि विमा असतो. त्याची कागदपत्रे सातबाऱ्याच्या पिशवीतच जपून ठेवावीत.

वहीत एक नवा रकाना

सौरपंप लावल्यानंतर खर्चाच्या वहीतला डिझेलचा रकाना रिकामा होईल, ही आनंदाचीच गोष्ट आहे. त्या रिकाम्या जागी एक नवा रकाना आखावा, विहिरीच्या पाण्याचा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, पंप सुरू होण्यापूर्वी सकाळी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडावा आणि पाणी किती फुटांवर आहे ते लिहून ठेवावे. शाळेत जाणारे मूलही हे काम करू शकते, मात्र सोबत मोठे माणूस असावे.

पावसाळ्यानंतरचा आणि मार्चचा आकडा दरवर्षी ताडून पाहावा. दोन-तीन वर्षे तो जागच्या जागी राहिला, तर सौरपंप खरोखरच फायद्यात आहे असे समजावे. पाऊस नेहमीसारखा होऊनही तो खाली जात असेल, तर पीक बदलण्याची, ठिबक वाढवण्याची आणि शेजाऱ्यांना एकत्र बसवून बोलण्याची वेळ आली आहे. ते बोलणे विहीर कोरडी पडण्यापूर्वी झाले, तर पॅनेलचे पैसेही वसूल होतील आणि पुढच्या पिढीसाठी विहिरीत पाणीही राहील.